काठावर लटकलेली खिडकी

"सरक की जरा पलीकडं. तुझा गुडघा माझ्या सतरंजीवर आलाय."

"तुझ्या सतरंजीवर? सतरंजी देवळाची आहे!"

"देवळाची असली तरी मी आधी बसलेय."

— हे मी नाही म्हणत, मंडळी! आत्ता गाभाऱ्याकडं हात जोडून वळले, तर तिसऱ्या खांबाजवळून कानावर आलं. कोण बोललं ते सांगणार नाही. दोघींनी एकदम माना खाली घातल्या, त्यामुळं तशी गरजही उरली नाही. सख्ख्या जावा आहेत. एकाच रिक्षातून आल्या, प्रसादाची पिशवीही एकच आणलीय. गुडघे तेवढे वेगळे.

आज दुसरंच आख्यान मनात धरून आले होते. ते राहू दे. देवानं विषय खांबाजवळ ठेवलाय, तो उचलते.

मला सांगा, आपलं कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं? शेताला बांध असतो. घराला भिंत असते. माणसाला काय असतं? आणि समजा — आपलाच माणूस काठ ओलांडून आपल्या बाजूला आला. तो भांडायला आला, की तोल जाऊन आला? हे ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून? अहो, मध्ये भिंत असली तर चेहरा दिसतो कुठं!

तर मंडळी, ऐका.

चांदवडला दुसाने नावाचे दोन भाऊ. थोरला त्र्यंबक, त्याला सगळे दादा म्हणायचे. धाकटा दिगंबर, म्हणजे दिगू. धंदा लग्नपत्रिकांचा. वडिलांनी, म्हणजे आबांनी दुकान थाटलं. पंचक्रोशीत कुणाचं लग्न ठरलं की आधी दुसान्यांच्या पायरीवर चप्पल निघायची, मग देवळाच्या.

दुकानात कॉम्प्युटर एकच. पण त्याला पडदे दोन! हसू नका, असतं तसं. हा माझा डावा हात, हा डावा पडदा. हा उजवा हात, हा उजवा पडदा. शेजारी शेजारी. डोकं मात्र दोघांत एकच, खाली टेबलाच्या पायाशी डब्यात ठेवलेलं. आपल्याकडं एका घरात चार डोकी आणि टीव्ही एक, तिथं उलटं होतं.

त्या पडद्यावर खिडक्या उघडतात. कॉम्प्युटरवाले त्यांना विंडो म्हणतात. एका खिडकीत पत्रिका, दुसरीत गणपतीची चित्रं, तिसरीत कुणाचा तरी निरोप. माऊस हातात धरायचा, पडद्यावर एक छोटा बाण हलतो, त्या बाणानं खिडकी धरायची आणि ओढायची. डाव्या पडद्यावरनं ओढत नेली तर ती काठावरनं उजव्या पडद्यावर जाते. मध्येच सोडली तर? तर अर्धी इकडं, अर्धी तिकडं! लटकलेली. पेटीवाले गोविंदकाका, तुम्ही बसलाय तसे. अर्धे सतरंजीवर, अर्धे फरशीवर.

दोघं भाऊ एकमेकांना खेटून बसायचे. दादा मजकूर जुळवणार, खिडकी उजवीकडं सारणार. दिगू त्यावर वेलबुट्टी चढवणार, खिडकी डावीकडं परत. दिवसभर असंच. बोलायची वेळच येत नव्हती. खिडकी गेली म्हणजे 'घे', आली म्हणजे 'झालं'.

मग भांडण झालं. कशावरून? पंख्यावरून! दादाला गार लागायचं, दिगूला उकडायचं. यात कोण बरोबर, हे मला विचारू नका. मी चार गावच्या देवळांत कीर्तन करते, चारी ठिकाणी हाच वाद आहे. पण पंख्यावरून सुरू झालेलं आबांवर गेलं, आबांवरून बायकांवर गेलं, आणि बायकांवर गेलं म्हटल्यावर विनायकमामांना बोलावणं धाडावं लागलं.

मामांनी वाटणी केली. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत. अलीकडचं शटर दादाचं, पलीकडचं दिगूचं. डावा पडदा दादाचा, उजवा दिगूचा! डबा बरोबर भिंतीखाली. त्याच्यापुरतं प्लायवूड कापलं. म्हणजे डब्याचं निम्मं अंग दादाकडं, निम्मं दिगूकडं. भिंत वर पंख्यापर्यंत गेली आणि तिथं थांबली. पंखा मध्येच. दोघांना सारखाच.

आता तुम्ही म्हणाल, अहो बाई, एकानं नवा कॉम्प्युटर घ्यायचा की! बरोबर आहे. पण आबांचा डबा सोडून नवा घेईल तो हरला, असं दोघांनाही वाटत होतं. म्हणून कुणीच घेतला नाही.

माऊस मात्र दोन जोडले, कीबोर्ड दोन जोडले. आणि बाण? बाण एकच! दादा डावीकडं ओढतोय, दिगू उजवीकडं ओढतोय, आणि तो बाण बिचारा मध्ये उभा थरथरतोय. सासू आणि बायको दोघी एकदम हाक मारतात तेव्हा आपल्यातले काही जण उभे राहतात ना, तसा. पहिल्याच दिवशी दोघांनी एकदम टाइप केलं. एका घरचा सत्यनारायण, दुसऱ्या घरचा दशक्रियाविधी. एकाच पत्रिकेत दोन्ही उतरलं आणि तसंच छापलं गेलं. जेवणाची वेळ सारखी होती, त्यामुळं लोकांची गैरसोय अशी काही झाली नाही. पण मामांना पुन्हा यावं लागलं.

मामा म्हणाले, "सकाळी त्र्यंबकचा हात चालेल, दुपारनंतर दिगंबरचा. आपापली खिडकी आपापल्या पडद्यावर. काठ ओलांडायचा नाही. समजलं?"

भिंतीच्या इकडून दादा म्हणाला, "समजलं." तिकडून दिगू म्हणाला, "त्याला विचारा समजलं का."

झालं! बोलणं बंद.

काही महिने नीट चाललं. मग एक दिवस दिगू आपल्या पडद्यासमोर वहीला पुठ्ठा चढवत बसला होता. सकाळची वेळ, हात दादाचा. आणि दिगूच्या पडद्याच्या डाव्या काठातून — सरसर करत — एक खिडकी आत आली! अर्धीच. कुणाच्या तरी लग्नाची उजवी बाजू. नवऱ्या मुलाचं नाव इकडं, नवरीचं नाव भिंतीपलीकडं.

दिगू बघतच राहिला. मग आतल्या दाराशी जाऊन बायकोला हाक मारली, "अलका! अगं, हा माणूस माझ्या पडद्यावर घुसला."

अलका हात पुसत आली. बघितलं. "चुकून आली असेल."

"दादाच्या हातून? चुकून? उभ्या जन्मात त्याची ओळ वाकडी गेली नाही!"

दुपारी आपला हात आल्या आल्या दिगूनं ती खिडकी धरली आणि दिली ढकलून भिंतीपलीकडं. आत काय आहे ते वाचलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुन्हा ढकलली. रोज सकाळी यायची, रोज दुपारी चहाच्या आधी दिगू ढकलायचा. मंडळी, दोन भावांमध्ये उरलेला व्यवहार तो एवढाच. दिगूच्या मनात एकच — दादा मला डिवचतोय.

आता जरा गावात काय चाललं होतं ते बघू. दादा दुकानाचं शटर उघडताना उजव्या खांबाला खांदा घासायला लागला. दूधवाला आपली सायकल उजवीकडं लावायचा, तो गुपचूप डावीकडं लावायला लागला. रस्त्यात उजव्या बाजूनं कुणी रामराम घातला तर दादा सरळ पुढं! लोक म्हणाले, थोरल्या दुसान्यांना ताठा चढलाय. डाव्या बाजूचे लोक म्हणाले, छे हो, आम्हाला तर थांबून विचारतो. आणि सिंधूवहिनी, दादाची बायको, चहाचा पेला आधी उजव्या हाताशी ठेवायच्या, त्या डावीकडं ठेवायला लागल्या. का, ते त्या स्वतःशीही बोलल्या नाहीत.

कारण त्या घरात हे आधी एकदा होऊन गेलं होतं. आबांना काचबिंदू झाला होता. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेनं अंधार आत सरकत येतो, आणि माणूस उरलेल्या मधल्या उजेडावर दिवस काढतो. आबांचं सगळ्यांना दिसत होतं. पण बोलायचं कुणी? शेवटी डॉक्टरकडं नेलं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. लवकर आला असतात तर उरलेली राखता आली असती." मग आबा दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. चपलांच्या आवाजावरून विचारायचे, "कोण गेलं रे?"

त्यामुळं आता सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे गप्प! वहिनी म्हणायच्या, "केतकीचं लग्न होऊ दे." केतकी म्हणजे दादाची लेक, तिचं लग्न ठरलं होतं. मामा म्हणायचे, "एवढं लग्न पार पडू दे." पत्रिका जुळवणाऱ्यालाच दिसत नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पायरी चढेल का? व्याही काय म्हणतील? सगळे मोठे समजूतदार. आणि एकट्या दिगूला मात्र काही माहीत नाही. कसं असेल? मध्ये भिंत! त्याला भावाची अर्धी खिडकी तेवढी दिसायची.

आता केतकीची पत्रिका. दुसान्यांकडं रीत अशी — घरच्या लग्नाची पत्रिका घरातल्या थोरल्यानं स्वतःच्या हातानं जुळवायची. आणि खाली उजव्या बाजूला, शेवटच्या ओळींत, काका-काकूचं नाव. आबांनी घालून दिलेली जागा. पत्रिकेवरचं नाव म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. नाव राहिलं म्हणून लग्नाला न गेलेले किमान तिघं मला इथूनच दिसतायत.

उद्या पत्रिका छपाईला जायची, आणि आज सकाळी विनायकमामा नमुन्याचा कागद हातात घेऊन दिगूच्या दुकानात आले. बसले. पाणी प्यायले. पुन्हा पाणी मागितलं.

"मामा, बोला की."

"तसं काही नाही." मामांनी कागद पुढं केला. "तूच बघ."

दिगूनं बघितलं. वर गणपती. आबांचं नाव, दादा-वहिनींचं नाव, मामांचं नाव तर ठसठशीत. खाली उजवीकडं कोरं. नुसतं कोरं!

"ठीक आहे," दिगू म्हणाला. ठीक आहे असं माणूस कधी म्हणतो, तुम्हाला माहीत आहे.

मामा गेले. अलका बाहेर आली. दिगू म्हणाला, "आपण लग्नाला जायचं नाही."

"तुम्ही नका जाऊ. मी जाणार. केतकीला मी न्हाऊ घातलंय."

"पत्रिकेवर तुझं नाव नाही!"

"पोरीच्या अंगावर हळद लावायला पत्रिका विचारतं का कुणी?" असं म्हणाली खरी. पण मग दाराशी थांबली, आणि हळूच म्हणाली, "पण तिथं कुणी विचारलंच, की तुम्ही कोण लागता — तर काय सांगू हो?"

दिगूनं नमुन्याचा कागद उलटा करून ठेवला. तुमच्याकडं आहे याचं उत्तर?

दुपार झाली. हात दिगूचा. समोर पडद्यावर बघतो, तर रोजच्यासारखी अर्धी खिडकी लटकलेली! आणि खिडकी कसली? केतकीच्याच पत्रिकेची. दिगूचं डोकं फिरलं. नाव वगळलं ते वगळलं, वर कोरी जागा माझ्याच पडद्यावर आणून ठेवतो? त्यानं माऊस धरला. बाण खिडकीवर नेला. आता देणार ढकलून —

आणि थांबला.

पत्रिका जुळवताना काय असतं, मंडळी, पडद्यावर कागद दिसतो आणि कागदाच्या भोवती थोडी मोकळी जागा दिसते. स्वयंपाकाच्या ओट्यावर पोळपाट असतो ना, तसं. पोळपाटावर आहे ते छापलं जातं. ओट्यावर सांडलेलं छापलं जात नाही. दिगूची नजर त्या सांडलेल्या जागेवर गेली. कागदाच्या बाहेर, पार उजवीकडं, अक्षरं होती — 'दिगंबर व सौ. अलका'.

पहिला विचार काय आला असेल? बरोबर! काढून बाहेर फेकलं! माझं नाव उचललं आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं!

पण दिगूही पत्रिकावालाच. हातानं राग धरला तरी डोळे अक्षरं बघणारच. अक्षर दादाच्या स्वतःच्या नावापेक्षा मोठं होतं. दोन्ही बाजूंना कमळाची कळी होती. आबा ती कळी घरच्याच माणसाला द्यायचे. हाकलायचं त्याला कळी कोण लावतं? त्यानं खिडकी जराशी आपल्याकडं ओढली. त्या नावाच्या खाली पुन्हा तेच नाव. पुन्हा कळ्या. त्याच्याही खाली, थोडं तिरकं, पुन्हा तेच.

दिगू खुर्चीत मागं टेकला.

मंडळी, एक माणूस नाव लिहितो, कागदावर ठेवायला जातो, आणि ते त्याला दिसेनासं होतं. त्याला वाटतं, राहिलंच वाटतं. पुन्हा लिहितो. पुन्हा ठेवतो. पुन्हा दिसेनासं होतं. ज्याला दिसतं तो असं करेल का? आपल्याला नाव गाळायचं असतं तेव्हा आपण एकदाही लिहीत नाही. तीनदा लिहून कोण गाळतं?

मग दिगूला एकेक आठवायला लागलं. शटर उघडताना ओझरता दिसलेला, खांबाला घासणारा खांदा. सायकल. उजव्या पडद्यावर लटकणाऱ्या एवढ्या सगळ्या खिडक्या. ओळीची सुरुवात उरलेल्या उजेडात यावी म्हणून दादा खिडकी उजवीकडं ओढत असणार, आणि आपण दुसऱ्याच्या हद्दीत गेलो, हे ओढताना त्याला कळत नसणार. कारण ती हद्दच त्याला दिसत नव्हती! आणि आपण काय केलं? न वाचता रोज ढकललं.

आज त्यानं खिडकी ढकलली नाही. उठला. शटरमधून बाहेर आला, आबांच्या पायरीवरून पलीकडं गेला. भिंत घातल्यापासून त्या बाजूला पाय पडला नव्हता.

आत दादा आपल्या पडद्यासमोर बसलेला. सिंधूवहिनी खाली बसून पाकिटांच्या घड्या घालत होत्या. दिगू आत आला आणि दादाच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. हाताच्या अंतरावर! वहिनींनी वर बघितलं. त्यांचा हात घडीवरच थांबला. त्यांनी मान हलवली — नको भाऊजी. आत्ता नको.

दादानं काही बघितलं नाही. पडद्याकडं तोंड करून म्हणाला, "काय गं, थांबलीस का?"

"काही नाही. पाकीट फाटलं."

"दिगूनं आज खिडकी ढकलली नाही अजून." दादानं डावीकडचा पेला चाचपून उचलला. "रोज चहाच्या आधी ढकलतो. ती परत आली की मला बरं वाटतं. पोरगं आहे पलीकडं, एवढं कळतं."

वहिनींनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"त्याला बरं नाही का? जरा बघून येतेस? मी पाठवलं म्हणू नकोस."

"असतील इथंच कुठंतरी," वहिनी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

थांबा. टाळ नको अजून. तबलेवाले, हात थांबवा.

दिगू तिथं उभा आहे, त्याला आपण जरा उभंच ठेवू. तोवर मी तुम्हाला विचारते. तुमच्या घरात कुणाच्या पेल्याची बाजू बदललीय? कुणाला ऐकू कमी येतंय म्हणून तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवून ठेवता आणि बोलत काहीच नाही? जिना चढताना कोण मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागतं? आपण कॅलेंडर बघू देतो. पेला सरकवतो. सायकल हलवतो. आणि याला माया म्हणतो! असेल, मायाच असेल. पण आबांच्या पायरीवरही अशीच माया होती हो. पुष्कळ होती. तिच्यात आबांचे डोळे गेले.

आणि तिसऱ्या खांबाजवळच्या बाई, तुम्हालाही विचारते. जावेचा गुडघा तुमच्या सतरंजीवर आला, खरं आहे. का आला, विचारलंत? मी मघापासून इथून बघतेय. त्यांना तो मुडपताच येत नाहीये. घरी सगळ्यांना माहीत असणार. बोललं कोण?

काठ ओलांडून आलेल्याला ढकलायला एक बोट पुरतं. त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायला घरातून निघावं लागतं. तेवढंच अंतर आहे, मंडळी. एका पायरीचं. पण ते कापून गेलेला माणूस तिथं जाऊन पुन्हा गप्प राहिला, तर? तर तोही पेला सरकवणाऱ्यांतलाच एक!

आता बघा दिगूकडं. समोर वहिनी मानेनं नको म्हणतायत. लग्न तोंडावर आलंय. उद्या छपाई आहे. मामांचं सगळं ठरलंय. गप्प राहायला जेवढी कारणं लागतात, तेवढी सगळी त्या दुकानात हजर आहेत.

दिगूनं दादाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

दादा असा दचकला की चहा पत्रिकेवर सांडला. "कोण? कोण आहे?"

"मी आहे. दिगू."

"कधी आलास?"

"मघाशीच. इथंच उभा आहे."

दादा हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "मग दिसला नाहीस तो? लपून आलास होय रे? अजून पोरकटपणा —"

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "लग्न होऊ द्या हो."

"नाही वहिनी." दिगूनं खाली बसून दादाचा चेहरा दोन्ही हातांनी धरला आणि आपल्याकडं वळवला. "दादा, मी लपलो नव्हतो. तुला या बाजूचं दिसत नाही. आबांसारखंच."